बोर्ड गेलाय म्हणजे नेमकं काय गेलंय?

जुना लॅपटॉप चालू होत नाही म्हणून दुकानात नेला की काउंटरवरून बहुतेक वेळा एकच वाक्य ऐकू येतं: बोर्ड गेलाय. कधी जोडीला ‘डेड आहे’ हेही येतं. हे खरंही असू शकतं. पण ते निदान आहे की अंदाज, हे विचारायची आपल्याला सवय नाही, आणि त्यापायी चालण्याजोगी कितीतरी यंत्रं माळ्यावर जातात किंवा भंगारात. माझं म्हणणं असं की दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा, हे मोजमाप झाल्यावरच ठरवावं. मोजण्याआधी ठरवलेलं काहीही, मग ते दुरुस्तीच्या बाजूचं असो की नव्याच्या, पैसा आणि काम दोन्ही घालवतं. हे पिंपरीच्या संत तुकाराम नगरातून मांडण्याला कारण आहे. 1962 च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी, स्थापन झालं आणि पुढे पिंपरी, चिंचवड, भोसरी, नंतर चाकण असा कारखान्यांचा पट्टा उभा राहिला. त्या पट्ट्यात बंद पडलेलं यंत्र समोर आलं की काय करायचं, याची एक शिस्त कामगारांच्या हातात मुरलेली आहे. त्याच घरांतली पुढची पिढी आता हिंजवडीच्या आयटीत आहे, आणि तिची शिस्त वेगळी आहे. म्हणून या लेखातल्या दोन बाजू मी मामा आणि भाची अशा दोघांच्या तोंडी देतो. मामांचा जन्म कारखान्याच्या इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये गेला, भाची सॉफ्टवेअर कंपनीत आहे. दोघंही कल्पित आहेत, त्यांचे मुद्दे मात्र रोजच्या बोलण्यातले आहेत.

भाचीची बाजू आधी घेऊ, कारण ती हलकी नाही. “मामा, हा लॅपटॉप दहा वर्षांचा आहे,” ती म्हणते. “चालू होत नाही हे नुसतं निमित्त. उद्या झाला चालू, तरी बॅटरी अर्धा तास टिकणार नाही, बिजागऱ्या खिळखिळ्या, आत जुनी फिरती हार्ड डिस्क. विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. यातला त्या यादीत बसत नाही. आमच्या ऑफिसात तीन-चार वर्षांनी मशीनच बदलून देतात, कारण बंद मशीनपुढे बसलेल्या माणसाचा पगार मशीनपेक्षा महाग पडतो. तू त्याच्यावर दोन रविवार घालवशील, वर दुकानदाराला पैसे देशील, आणि सहा महिन्यांनी दुसरं काहीतरी जाईल. जुन्या वस्तूत जीव गुंततो हे मला कळतं. पण हिशेब हिशेबासारखा करावा.”

मामा हिशेब नाकारत नाहीत. “तुझे आकडे बरोबर आहेत, फक्त तू सुरुवात चुकीच्या ठिकाणाहून करतेयस. ज्या बिघाडाचं नावच अजून ठरलं नाही, त्याच्या दुरुस्तीची किंमत तू धरून बसलीस. पॅनलवरचं हिरवं बटण दाबलं आणि मोटर फिरली नाही, तर पहिल्याच मिनिटाला ‘मोटर जळली’ म्हणणाऱ्याला मेंटेनन्समध्ये कोणी विचारत नाही. अगं, त्या बटणातून मोटरची वीज जातच नाही. बटण फक्त कंट्रोल सर्किटला सांगतं, त्यावर कॉन्टॅक्टर ओढला जातो, आणि तो मोटरला तिन्ही फेज देतो. मधे ओव्हरलोड रिले ट्रिप झालेला असेल, इमर्जन्सी स्टॉप दाबलेला राहिला असेल, गार्डचा लिमिट स्विच सुटला असेल, नाहीतर कंट्रोलचा फ्यूज उडाला असेल. मोटर ठणठणीत असते, तरी फिरत नाही. लॅपटॉपचं बटणही तसलंच आहे. ते ट्यूबलाइटचं बटण नव्हे.”

ही तुलना वरवरची नाही, म्हणून थोडं खोलात जाऊ. लॅपटॉपच्या बोर्डावर एम्बेडेड कंट्रोलर नावाची एक छोटी चिप असते. लॅपटॉप बंद असतानाही ती जागी असते आणि कीबोर्ड, बॅटरी, झाकण, पंखा यांच्यावर लक्ष ठेवते. पॉवरचं बटण दाबणं म्हणजे त्या चिपला विनंती करणं. ॲडॉप्टरमधून साधारण 19 ते 20 व्होल्ट बोर्डावर येतात. त्यातून आधी कायम चालू असणारे 3.3 आणि 5 व्होल्टचे पुरवठे तयार होतात, आणि चिप त्यांच्यावर जगते. बटण दाबलं गेलं की ती पुढचे पुरवठे क्रमाने चालू करते: मेमरीचा, चिपसेटचा, आणि अगदी शेवटी प्रोसेसरचा, जो जेमतेम व्होल्टभराचा असतो पण करंट सगळ्यात जास्त ओढतो. एक पुरवठा ‘मी ठीक आहे’ असा इशारा देतो, मग पुढची पायरी उघडते. कुठेही एक इशारा आला नाही की साखळी तिथेच थांबते, आणि बाहेरून दिसतं ते इतकंच: बटण दाबलं, काही झालं नाही. ॲडॉप्टरची तुटलेली वायर, अडकून बसलेला कंट्रोलर, सैल रॅम, शॉर्ट झालेला कपॅसिटर आणि खरोखर जळलेला प्रोसेसर, पाचही वेळा घरच्यांना दिसणारं लक्षण जवळपास सारखंच. लक्षण एक आणि कारणं अनेक असतील तिथे लक्षणावरून निकाल देणं मला अडाणीपणाचं वाटतं, मग तो निकाल कितीही अनुभवी माणसाने दिलेला असो.

“ठीक आहे,” भाची म्हणते, “पण ही साखळी तपासायला बोर्ड उघडावा लागतो. ते घरी कोण करणार?” मामांचं उत्तर असं की साखळीची पहिली निम्मी अंगं बोर्डाच्या बाहेरच आहेत. कारखान्यात पहिला प्रश्न ‘सप्लाय आहे का?’ हा असतो, आणि तो विचारण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. सॉकेटमध्ये टेबल लॅम्प लावून बघायचा. स्पाइक गार्डचं छोटं काळं बटण ट्रिप झालंय का ते पाहायचं. गुरुवारी देखभालीसाठी गेलेली वीज परत आल्यावर तर हे आधी बघायला हवं. मग ॲडॉप्टर. मीटर डीसी व्होल्टच्या रेंजवर ठेवायचा, लाल प्रोब पिनेच्या पोकळीत, काळा बाहेरच्या कड्याला. काही कंपन्यांच्या पिनेच्या मधोमध सुईसारखी तार असते. ती ॲडॉप्टरची ओळख सांगणारी असते, तिला प्रोब लागू द्यायचा नाही. लेबलवर 19.5 लिहिलंय आणि मीटर 19.4 दाखवतोय, म्हणजे ठीक, असं वाटतं. आता प्रोब तसेच धरून ठेवायचे आणि दुसऱ्याने वायर पिनेच्या मानेपाशी हलकेच वाकवायची. 19.4, 19.4, शून्य, परत 19.4. वर्षानुवर्षं गुंडाळून बॅगेत कोंबलेली वायर आतून नेमकी त्याच जागी तुटते, कारण तिथेच तिला सगळ्यात जास्त मोड पडतो. वरचं रबर शाबूत असतं, म्हणून डोळ्याला काही दिसत नाही. या एका आकड्यावर दहा वर्षांच्या लॅपटॉपला ‘डेड’ म्हटलं जाऊ शकतं, आणि औषध असतं एक ॲडॉप्टर.

इथे एक बारकावा सांगायलाच हवा, कारण अर्धवट मोजमापही फसवतं. ॲडॉप्टरला काहीही जोडलेलं नसताना व्होल्ट बरोबर दिसू शकतात, आणि भार पडला की ते कोसळतात. म्हणून खात्रीची चाचणी म्हणजे तसाच दुसरा ॲडॉप्टर लावून बघणं. तो निवडताना व्होल्ट तेवढेच हवेत, अँपियर तेवढे किंवा जास्त चालतील, पिनेचा आकार आणि ध्रुव जुळले पाहिजेत. ‘बसतोय ना, मग चालेल’ म्हणून कोणताही चार्जर खुपसणं हा बोर्ड घालवायचा हमखास रस्ता आहे. ओळख सांगणारी ती मधली तार तुटली तर आणखी वेगळाच गोंधळ होतो. अशा काही मशीनी चालतात, पण बॅटरी चार्ज करत नाहीत. घरचे बॅटरीला दोष देतात, नवी बॅटरी आणतात, आणि बिघाड जिथल्या तिथे.

भाचीचा पुढचा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. “तू हे सांगतोस, उद्या कोणीतरी ॲडॉप्टरचं कव्हर फोडून बसेल. नाहीतर बॅटरी उकलेल.” मामा लगेच मान्य करतात, आणि मान्य करायलाच हवं. ॲडॉप्टरमध्ये 230 व्होल्टचा एसी सरळ करून घेतलेला असतो. त्याचा शिखर आकडा होतो सुमारे 325 व्होल्ट, आणि प्लग काढल्यावरही तो आतल्या कपॅसिटरमध्ये काही वेळ राहू शकतो. घरच्या माणसाने ॲडॉप्टर बाहेरून मोजावा, उघडू मात्र नये. बॅटरीचंही तेच. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसतोय, खालचं कव्हर फुगलंय, झाकण नीट बसत नाही, अशी चिन्हं दिसली तर बॅटरी फुगली आहे. तिला चार्जिंगला लावायचं नाही, दाबायचं नाही, टोचायचं नाही आणि घंटागाडीत तर अजिबात टाकायचं नाही. लिथियम आयनची पिशवी फुटली तर पेट घेते. पाणी किंवा चहा सांडला असेल तर ‘बघू चालू होतो का’ हा मोह आवरायचा, सगळी वीज तोडायची आणि दुकान गाठायचं. तांदळाच्या डब्यात ठेवून आतला चहा निघत नाही. बोर्डावर हिरवा गंज धरायला मात्र त्याला वेळ मिळतो. मोजायला सांगणं आणि उघडायला सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझा सगळा मुद्दा पहिल्या गोष्टीपुरता आहे. मीटर हाताळायला प्रशिक्षित माणूस हवा असेल तर या भागात तो शोधावा लागत नाही. प्रत्येक इमारतीला ओळखीचा एक इलेक्ट्रिशियन असतो, मोरवाडीच्या आयटीआयमधून असे हात वर्षानुवर्षं तयार होतायत, आणि साधा मल्टिमीटर पिंपरी कॅम्पात किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत काही शे रुपयांत मिळतो.

सप्लाय ठीक निघाला की पुढची पायरी फुकटची आहे. ॲडॉप्टर काढायचा, बॅटरी निघत असेल तर काढायची आणि पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं. मग बॅटरी न लावता फक्त ॲडॉप्टर जोडून बघायचं. बॅटरी आत बसवलेली असेल तर काही मॉडेलांच्या खाली रिसेटचं बारीक भोक असतं, सरळ केलेली पेपरपिन आत घालता येईल एवढं. याला कोणी जादू समजू नये. तो एम्बेडेड कंट्रोलर सतत वीज मिळत असल्यामुळे कधी कधी चुकीच्या अवस्थेत अडकून बसतो आणि बटणाची विनंती ऐकतच नाही. बोर्डाच्या कपॅसिटरमध्ये साठलेली उरलीसुरली वीज निघून गेली की तो पहिल्यापासून सुरू होतो. मामांच्या भाषेत, ट्रिप झालेला रिले रिसेट केला. भाची इथे हसत नाही, उलट स्वतःचाच दाखला देते: सर्व्हर अडकला की तीही आधी रिस्टार्ट करते, आणि रिस्टार्टने चालला म्हणून तपास संपत नाही, लॉग बघावाच लागतो. हे मामांनाही पटतं. रिसेटने लॅपटॉप उठला पण आठवड्याने पुन्हा झोपला, तर मूळ कारण शिल्लक आहे.

मग येतो तो घोटाळा ज्यात ‘चालू होत नाही’ हे विधानच चूक असतं. पंखा फिरतोय, कॅप्स लॉकचा दिवा लागतोय, पण स्क्रीन काळी. हा लॅपटॉप चालू झालेला आहे, फक्त दाखवत नाही. अंधारात टॉर्च तिरपी धरून बघितली तर पुसट चित्र दिसतं, म्हणजे मागचा प्रकाश गेलाय. एचडीएमआयने टीव्हीला जोडला आणि चित्र आलं, म्हणजे बोर्ड ठीक, स्क्रीन किंवा तिची पट्टी गेली. दिवा ठरावीक लयीत लुकलुकत असेल किंवा बीप येत असेल, तर यंत्र स्वतःच आपलं दुखणं सांगतंय. ही लय प्रत्येक कंपनीची आणि मॉडेलची वेगळी असते आणि त्या त्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेली असते. डेल, एचपी, लेनोवो यांच्या ऑफिसच्या वापरातल्या मॉडेलांची अशी मॅन्युअल उघड उपलब्ध आहेत. बऱ्याचदा लय रॅमकडे बोट दाखवते. तेव्हा रॅमच्या पट्ट्या काढून, सोनेरी दात साध्या खोडरबराने पुसून, एका वेळी एकच पट्टी आणि एका वेळी एकच खाच असं आलटून पालटून बघायचं. दमट पावसाळ्यात नुसत्या संपर्कावर चढलेली काजळीही साखळी अडवायला पुरते.

इथवर येऊनही काही झालं नाही तर प्रकरण खरोखर बोर्डाचं असतं आणि मग ते कारागिराच्या टेबलावर जायला हवं. पण तिथेही ‘बोर्ड गेला’ हा शेवटचा शब्द नव्हे. चांगला कारागीर बोर्डाला ॲडॉप्टर लावत नाही, टेबलावरच्या पॉवर सप्लायने 19 व्होल्ट देतो आणि करंटचा आकडा वाचतो. बटण दाबण्याआधीच आकडा उसळून मर्यादेला टेकला तर मुख्य पुरवठ्यावर शॉर्ट आहे. आकडा शून्यावर ढिम्म राहिला तर वीज बोर्डाच्या दारातच अडलीय, जॅक किंवा लगतचा मॉस्फेट बघायला हवा. किंचित आकडा दिसतो, बटण दाबल्यावर जरा चढतो आणि लगेच पडतो, तर साखळी मधल्या एखाद्या पायरीवर तुटतेय. शॉर्ट सापडला की त्या पुरवठ्यावर अगदी कमी व्होल्ट सोडतात आणि वरून आयसोप्रोपिल अल्कोहोल शिंपडतात. सगळा भाग ओला चकचकीत दिसतो आणि एका जागी, तांदळाच्या कणीएवढ्या एका तपकिरी कपॅसिटरवर, ओल पाहता पाहता उडून जाते. तो तापलाय, तोच शॉर्ट. गरम हवेने तो उचलला, मीटर लावला, शॉर्ट गेला. त्या कपॅसिटरची किंमत काही पैशांपासून फार तर काही रुपये. पैसे लागतात ते तो शोधणाऱ्या डोळ्याला आणि हाताला, आणि ते जरूर द्यावेत.

“आणि तो हात तीच दुरुस्ती महिन्याने पुन्हा करायला लावतो,” भाची म्हणते. तिचं हे म्हणणं मला टाळता येत नाही, कारण त्याला मोठा इतिहास आहे. 2008 साली एनव्हिडियाच्या लॅपटॉपमधल्या ग्राफिक्स चिपांच्या पॅकेजिंगमध्ये दोष निघाला आणि कंपनीला त्यापोटी जवळपास 20 कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. चिप तापून-निवून आतली सूक्ष्म जोडणी तडकायची. बाजारात त्यावर एक उपाय पसरला: चिपेवर हीट गन मारायची. लॅपटॉप उठायचा, गिऱ्हाईक पैसे देऊन घरी जायचं आणि काही आठवड्यांनी पुन्हा काळोख. दोष चिपेच्या पोटात होता, बाहेरून शेकून तो जाणार कसा? अशा दुरुस्तीला मामाही दुरुस्ती म्हणत नाहीत. पण यातून निघतो तो माझ्याच बाजूचा निष्कर्ष. हीट गन मारणाऱ्याने कारण शोधलं नव्हतं, त्याने लक्षणावर उपाय केला. टोयोटाचे ताइची ओनो यांनी ‘पाच वेळा का विचारा’ हे समजावताना दिलेलं उदाहरण या पट्ट्यातल्या कारखान्यांत प्रशिक्षणाला बसलेल्या अनेकांना तोंडपाठ असेल. मशीन थांबलं, कारण फ्यूज उडाला. फ्यूज उडाला, कारण बेअरिंगला पुरेसं तेल मिळालं नाही. तेल मिळालं नाही, कारण पंप ओढत नव्हता. पंप ओढत नव्हता, कारण त्याचा दांडा झिजला होता. दांडा झिजला, कारण गाळणी नव्हती आणि धातूचा कीस आत जात होता. नुसता फ्यूज बदलला असता तर मशीन चाललं असतं, आणि पुन्हा थांबलं असतं. न मोजता नवा घेणारा आणि न मोजता शेकणारा, दोघंही पहिल्या ‘का’वर थांबलेले असतात.

धातूचा कीस म्हटल्यावर भोसरी एमआयडीसीतल्या लहान वर्कशॉपांचा विचार करावाच लागतो, कारण ‘जुना’ या शब्दाचा भाचीने धरलेला अर्थ तिथे लागू पडत नाही. अशा ठिकाणी सीएनसी मशीनजवळच्या टेबलावर एखादा जाडजूड लॅपटॉप असतो. बाजारभावाने त्याची किंमत काहीच नाही. पण त्याला नऊ पिनांचा सिरियल पोर्ट आहे, त्यावर जुनी विंडोज आहे, आणि मशीनचे प्रोग्रॅम किंवा पीएलसीचं सॉफ्टवेअर त्याच्यावरूनच जातं. नव्या लॅपटॉपला तो पोर्ट नसतो. यूएसबीचं कन्व्हर्टर लावावं तर जुनं सॉफ्टवेअर कधी ते ओळखतं, कधी ओळखत नाही. सीमेन्सच्या स्टेप 7 या पीएलसी सॉफ्टवेअरची जुनी लायसन्स फ्लॉपीवर यायची आणि तिथून हार्ड डिस्कवर हलवली जायची. डिस्क गेली किंवा कोणी निष्काळजीपणे पुसली की लायसन्सही गेलं. असा लॅपटॉप एका सकाळी चालू झाला नाही तर अडून बसतं ते मशीन, आणि मशीनवरची ऑर्डर. त्याच टेबलावर हवेत उडणारा बारीक कीस पंख्याच्या वाटेने आत जातो, तो वीजवाहक असतो, आणि दोन पायांच्या मधे बसला की शॉर्ट करतो. ब्रशने आणि अल्कोहोलने बोर्ड नीट साफ करणं हीच तिथली दुरुस्ती असू शकते. जपानी पद्धतीच्या देखभालीत ‘जिशु होझेन’ नावाचा भाग असतो, म्हणजे मशीन चालवणाऱ्यानेच रोजची साफसफाई आणि पाहणी करायची. जो ऑपरेटर लेथची रोज पाहणी करतो, त्याच्या शेजारचा लॅपटॉप वर्षानुवर्षं कोणी उघडून झाडत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

भाची यावर थोडी सरकते, सगळी नाही. “वर्कशॉपचं पटलं. घरच्या लॅपटॉपला ते लागू नाही. आणि विंडोजचं काय?” विंडोजचा मुद्दा खरा आहे, पण तो वेगळ्या खात्यातला आहे. लॅपटॉप उठतो की नाही आणि उठल्यावर त्यावर काय चालवायचं, हे दोन प्रश्न एकात एक मिसळले की दोन्हींची उत्तरं बिघडतात. उठलेल्या मशीनवर लिनक्स टाकता येतं, ते मुलांच्या अभ्यासाला किंवा हिशेबाला ठेवता येतं, किंवा काढूनही टाकता येतं. पण बहुतेक घरांत खरी ओढ लॅपटॉपची नसते, आतल्या फोटोंची आणि कागदपत्रांची असते. म्हणून ‘डेड’ ऐकल्यावर घाबरून डेटा रिकव्हरीच्या नावाखाली मोठी रक्कम मोजण्याआधी एक गोष्ट समजून घ्यावी. बोर्ड गेला म्हणजे डिस्क गेली असं नाही. अडीच इंची साटा डिस्क चार स्क्रू काढून बाहेर येते आणि साध्या यूएसबी केसमध्ये घालून दुसऱ्या संगणकावर वाचता येते. याला अपवाद दोन. काही स्वस्त लॅपटॉपांत साठवणच बोर्डाला डाख मारून बसवलेली असते, आणि बिटलॉकरने डिस्कला कुलूप लावलेलं असेल तर 48 अंकी रिकव्हरी की हाताशी हवी. आणि लॅपटॉप दुकानात द्यायचाच असेल तर डिस्क काढून द्यावी. वीज येते की नाही हे तपासायला कुणाला तुमच्या फोटोंची गरज नसते.

भाचीचा शेवटचा मुद्दा कंपन्यांबद्दल आहे आणि त्यावर दोघांचं एकमत आहे. बोर्डाचं सर्किट कंपनी देत नाही, कारागीर कुठून तरी मिळवलेल्या आकृत्यांवर काम करतात, रॅम आणि साठवण बोर्डाला डाख मारून बसवण्याची चाल वाढतेय. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 24 डिसेंबर 2022 ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, राइट टू रिपेअरचं पोर्टल सुरू केलं. फ्रान्सने 1 जानेवारी 2021 पासून लॅपटॉपवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण छापणं सक्तीचं केलं, त्यात सुटे भाग आणि माहिती मिळते का यालाही गुण आहेत. आपल्याकडे दुकानात लॅपटॉप घेताना असा आकडा समोर असता तर भाचीसारख्या हिशेबी गिऱ्हाइकांनी तो नक्की वाचला असता. भंगाराची बाजूही लहान नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 2024 च्या अहवालानुसार 2022 मध्ये जगात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा झाला, आणि त्यातल्या जेमतेम 22.3 टक्क्यांचं रीतसर संकलन आणि पुनर्चक्रीकरण झाल्याची नोंद आहे. बाकीच्याचं काय झालं ते अशा भंगाराच्या ढिगांजवळ राहणाऱ्यांना विचारावं.

आता समजा, सगळं झालं आणि प्रोसेसरचा पुरवठा थेट जमिनीला शॉर्ट निघाला, आणि शॉर्ट कपॅसिटरमध्ये नाही, खुद्द प्रोसेसरमध्ये आहे. मामा इथे भाचीइतकेच स्पष्ट आहेत: नवा घ्यायचा. भोसरीत जळलेली मोटर रिवाइंड करतात, पण प्रत्येक मोटर करत नाहीत. आधी तिचा रिपोर्ट होतो, मग ती स्क्रॅपच्या रांगेत लागते. या लॅपटॉपचाही तसाच कागद व्हावा, आणि तो दुकानदाराकडून मागून घ्यावा: ॲडॉप्टर 19.4, जॅक ठीक, 3.3 आहे, 5 आहे, मेमरीचा पुरवठा आहे, प्रोसेसरचा शॉर्ट. “एवढं लिहून दिलं तर मी काही म्हणणार नाही,” भाची म्हणते, आणि कागद उलटून मागे लिहू लागते: डिस्क काढली, रॅम काढली, स्क्रीन चांगली आहे, कीबोर्ड चांगला आहे, बॅटरी वेगळी, उरलेला सांगाडा अधिकृत रिसायकलरकडे.